ऑनरेरियम उर्फ मानधन

आमच्या थोरल्या आपा अंगणवाडी सेविका आहेत. गेली अठरा वर्षे त्या गावातील लहान मुलांना सांभाळतात, त्यांची वजने घेतात, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवतात, पोषण आहाराचा हिशेब लिहितात आणि वरून येईल त्या सर्वेक्षणासाठी उन्हातान्हात दारोदार फिरतात. गेल्या रमजानात इफ्तारनंतर त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. कागद इंग्रजीत होता. त्यातल्या एका शब्दाखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारली होती. शब्द होता 'ऑनरेरियम'.

"भाई, तू बी.एड. झालास. याचा अर्थ सांग."

"मानधन," आम्ही म्हणालो.

"ते मलाही ठाऊक आहे. पण मानधन म्हणजे काय? पगार म्हणजे मला कळतो. पगार आला नाही तर माणूस भांडतो. मानधन आलं नाही तर काय करायचं?"

आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात इतिहास आणि इंग्रजी शिकवतो. म्हणजे प्रश्न आमच्याच दोन विषयांच्या बांधावरचा. तरीही आम्हाला उत्तर देता आले नाही. तरावीहला उशीर होतोय असे सांगून आम्ही उठलो. पुढे उन्हाळ्याच्या सुटीत शब्दकोश उघडला, मग रोमचा इतिहास, मग कायद्याची पुस्तके. एका शब्दाने आम्हाला बरेच फिरवले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

इंग्रजीतला हा शब्द लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये 'होनोर' म्हणजे मान, इज्जत. पण रोमन माणसाच्या तोंडी या शब्दाला आणखी एक अर्थ होता, तो म्हणजे सरकारी पद. क्वेस्टर, प्रेटर, कॉन्सल अशी पदांची जी शिडी असे तिला ते मानांची वाट म्हणत. उर्दूत आपण 'मन्सब' म्हणतो तेव्हा हुद्दा आणि प्रतिष्ठा दोन्ही एकत्र येतात, तसेच काहीसे. या पदांना पगार नव्हता. पगाराची गरज असलेल्या माणसाने त्या वाटेला येऊच नये, अशी ती व्यवस्था होती.

पगार तर नव्हताच, उलट पद मिळालेल्याने पैसे भरायचे असत. रोमच्या अंमलाखालील गावांत नगरपालिकेचा अधिकारी किंवा सभासद झालेला माणूस गावाच्या तिजोरीत ठरलेली रक्कम जमा करी, किंवा तितक्या पैशाचे खेळ-तमाशे करी, देऊळ-स्नानगृह बांधून देई. स्पेनमधील उर्सो नावाच्या वसाहतीचा कायदा ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेला सापडला आहे. त्यात गावच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने खेळांसाठी पदरचे किमान २,००० सेस्टर्स खर्च करावेत असे स्पष्ट कलम आहे. आणि इ. स. ११० च्या सुमारास उत्तर तुर्कस्तानातील बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी बादशहा ट्रेजनला पत्र लिहून विचारतो की, इथे काही नव्या सभासदांकडून प्रवेशाचे हजार-दोन हजार दिनार घेतले जातात, तर ते सर्वांकडून घ्यावेत काय? ट्रेजनचे उत्तर उपलब्ध आहे. सर्वांसाठी एकच नियम करता येणार नाही, ज्या त्या शहराचा कायदा पाळावा, असे तो कळवतो. या उत्तरात त्या रकमेसाठी जो शब्द येतो तो 'होनोरारियुम'. आपांच्या कागदावरचाच शब्द. फरक एवढाच की तिथे तो घेणाऱ्याचा नसून देणाऱ्याचा आहे. मान मिळाला म्हणून माणसाने भरलेले पैसे, हा त्याचा मूळ अर्थ.

ही चाल फक्त रोमची होती असे मात्र नाही. मोगल दरबारात मन्सब मिळाली, खिलत मिळाली की बादशहापुढे नजर ठेवावी लागे. मराठेशाहीत वतनाची सनद हाती यायची, किंवा बापाचे वतन मुलाच्या नावे व्हायचे, तर सरकारात नजर भरावी लागे. 'नजराणा' हा शब्द मराठीने आमच्या घरातूनच उचलला. मान वरून खाली येतो आणि पैसा खालून वर जातो, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

इथे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. २०१४ साली एका संस्थेच्या शाळेत आमची मुलाखत झाली. पाठ घेतला, प्रमाणपत्रे दाखवली. मग आत बोलावून विचारण्यात आले, "इमारत निधीला काय देणार?" आकडा आम्ही लिहीत नाही. अम्मीच्या चार बांगड्या आणि मामूंकडून उसने, एवढ्यात तो भागला. पावती मिळाली ती निम्म्या रकमेची. नेमणूक झाल्यावर तीन वर्षे आम्ही शिक्षण सेवक होतो, महिना ८,००० रुपये मानधनावर. म्हणजे ज्या वर्षी आम्ही रोमन अर्थाने ऑनरेरियम भरले त्याच वर्षी इंग्रजी अर्थाने घेऊही लागलो. तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. माहीत असते तरी बांगड्या परत आल्या नसत्या. पण निदान अम्मीला सांगता आले असते की ही लूट दोन हजार वर्षे जुनी आणि कायदेशीर घराण्यातली आहे.

आता पैशाची दिशा उलटी कशी झाली ते पाहू. त्याचे उत्तर वकिलांकडे आहे. इ. स. पूर्व २०४ मध्ये रोममध्ये सिन्सियस नावाच्या लोकप्रतिनिधीने कायदा केला की कोर्टात दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्याने त्याबद्दल पैसा किंवा भेट घेऊ नये. वकिली हे मोठ्या माणसाने लहान माणसावर केलेले उपकार मानले जात. उपकाराची मजुरी कशी घेणार? पण माणसे घेत होती. बादशहा क्लॉडियसच्या काळात, इ. स. ४७ मध्ये, प्रकरण फार वाढले. सॅमियस नावाच्या एका प्रतिष्ठिताने सुइलियस या वकिलाला ४,००,००० सेस्टर्स दिले. वकील विरुद्ध बाजूला मिळाला आहे हे कळताच सॅमियसने वकिलाच्याच घरी जाऊन तलवारीवर देह टाकला. इतिहासकार टॅसिटसने ही हकीकत नोंदवली आहे. सिनेटमध्ये मोठा वाद झाला. एक बाजू म्हणाली, जुना कायदा पुन्हा लागू करा, वक्तृत्व विकायची वस्तू नव्हे. दुसरी बाजू म्हणाली, श्रीमंतांना हे बोलणे सोपे आहे. आम्ही घरची कामे सोडून दुसऱ्यांची कामे पाहतो, आम्ही खायचे काय? क्लॉडियसने मधला मार्ग काढला. १०,००० सेस्टर्सपर्यंत घ्यावे, त्याहून अधिक घेणारा गुन्हेगार.

आम्हाला या वादात दुसऱ्या बाजूचे बोलणे अधिक प्रामाणिक वाटते. ते बोलणारी सगळी माणसे सज्जन होती असे नाही. पण पोटाचा प्रश्न मोठ्याने विचारायला हिंमत लागते, आणि मानाची भाषा तो प्रश्न दाबून टाकते.

मग शिक्षकांचे काय? याविषयी अल्पियन हा कायदेपंडित लिहून गेला आहे. हा मूळचा लेबनॉनमधील सूर शहराचा, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या प्रारंभीचा. त्याच्या मते व्याकरण, वक्तृत्व, भूमिती शिकवणाऱ्यांना आणि वैद्यांना आपल्या मोबदल्यासाठी सुभेदाराकडे दाद मागता येते. तत्त्वज्ञांना मात्र येत नाही, कारण पैशाची तुच्छता हीच त्यांची पहिली प्रतिज्ञा असायला हवी. कायदा शिकवणाऱ्यांनाही येत नाही, कारण ते ज्ञान इतके पवित्र की त्याची किंमत करणे म्हणजे त्याचा अपमान. पुढे तो जे म्हणतो ते आम्ही दोनदा वाचले. काही गोष्टी अशा असतात की त्या सन्मानाने स्वीकारता येतात, पण सन्मानाने मागता येत नाहीत, असा त्याचा आशय आहे. आपांच्या प्रश्नाचे उत्तर अठराशे वर्षांपूर्वी असे लिहून ठेवलेले होते. मानधन आले नाही तर काय करायचे? काही करायचे नाही, कारण मागितले की मान गेला.

गंमत म्हणजे अक्षरओळख करून देणारा गावातला मास्तर या थोर यादीत बसत नव्हता. अल्पियन सांगतो की हे लोक प्राध्यापक नव्हेत, तरीही सुभेदाराने त्यांचीही दाद घ्यावी असा प्रघात पडला आहे. म्हणजे बिचाऱ्याला मान कमी होता म्हणूनच त्याला पैसे मागता येत होते. ते किती, हेही ठाऊक आहे. इ. स. ३०१ मध्ये बादशहा डायोक्लेशियनने महागाईला आळा घालण्यासाठी वस्तूंच्या आणि मजुरीच्या कमाल दरांचा मोठा जाहीरनामा काढला. त्यात प्राथमिक शिक्षकाला दर विद्यार्थ्यामागे महिन्याला ५० दिनार, हिशेब शिकवणाऱ्याला ७५, व्याकरण किंवा भूमिती शिकवणाऱ्याला २००, वक्तृत्वाच्या शिक्षकाला २५०. आणि सुताराला जेवणखाण धरून दिवसाला ५०. म्हणजे सुताराच्या रोजीएवढे पैसे एका पोराला महिनाभर शिकवून मिळत. सुताराची बरोबरी करायची तर मास्तरला वर्गात तीस मुले हवीत, आणि तीसही जणांच्या बापांनी वेळेवर फी द्यायला हवी. वकिलाला त्याच जाहीरनाम्यात एका खटल्याच्या युक्तिवादाचे १,००० होते. शिक्षकांच्या खोलीत आम्ही हे आकडे वाचून दाखवले तेव्हा गणिताचे सर एवढेच म्हणाले, "महागाई भत्ता धरलाय का यात?"

आपल्याकडेही हा पेच होताच. कुरआन शरीफ विकत घेताना आपण 'किंमत' विचारत नाही, 'हदिया' विचारतो. कलामे पाकची किंमत कोण करणार? भावना सुंदर आहे, आणि आम्हीही तसेच विचारतो. पण जो मौलवी ते कुरआन मुलांना शिकवतो त्याच्या उजरतीचा प्रश्न फिकहच्या पुस्तकांत फार गांभीर्याने चर्चिला गेला. इमाम अबू हनीफा आणि त्यांच्या शिष्यांचे मत असे की कुरआनची तालीम, अजान, इमामत यांवर उजरत घेणे जायज नाही. बाराव्या शतकातील 'हिदाया' या हनफी ग्रंथात हे मत दिले आहे. मात्र पुढे लगेच सांगितले आहे की आमच्या काळच्या काही बुजुर्गांनी कुरआनच्या तालमीवरील उजरत मान्य केली आहे आणि फतवा त्यावरच आहे, कारण लोकांत दीनविषयी सुस्ती आली असून ती नाकारली तर कुरआनची हिफाजतच धोक्यात येईल. नंतरच्या फुकहांनी आणखी एक कारण दिले. पूर्वी शिकवणाऱ्यांना बैतुलमालमधून वजीफे मिळत, ते बंद झाले. कोकणातले आपले शाफई बांधव या बाबतीत पहिल्यापासून सुटलेले. त्यांच्या मसलकीत तालमीवर उजरत घेणे जायजच आहे.

आम्हाला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या आलिमांनी शब्दांचा आडपडदा ठेवला नाही. त्यांनी 'उजरत' म्हटले, जो मजुराच्या मजुरीचा शब्द आहे, आणि ती का द्यावी लागते हेही लिहिले. अर्थात सगळ्यांना ते रुचले नसणार. अकराव्या शतकात निजामुल मुल्कने बगदादला मदरसा काढून उस्तादांना बांधील वजीफे दिले, तेव्हा मावराउन्नहरच्या उलेमांनी इल्मचा मातम केला, असे सांगितले जाते. आता पैशासाठी कोणीही शिकवायला येईल, ही त्यांची भीती. भीती खोटी नव्हती. पण आपल्या मशिदींच्या पेशइमामांना आज जे दरमहा मिळते ते पाहिले तर पैशासाठी कोणी या कामाला येत असेल असे म्हणवत नाही. त्याला आपण 'नजराना' म्हणतो, आणि नजराना वाढवून मागणाऱ्या इमामाविषयी जमातीत काय बोलले जाते तेही आपण जाणतो.

इंग्रजीत 'ऑनरेरियम' सतराव्या शतकाच्या मध्यास आले, ते वकिलांचे, वैद्यांचे होऊन. इंग्लंडच्या बॅरिस्टराने रोमन वकिलाचा सगळा रुबाब उचलला. त्याची फी ही फी नव्हे, तर अशिलाने कृतज्ञतेने दिलेली भेट. बॅरिस्टरच्या झग्याच्या खांद्यामागे कापडाचा एक तुकडा लोंबतो. ती पूर्वीची पैशाची थैली, अशील मागून गुपचूप त्यात नाणी टाकी आणि बॅरिस्टर पाहिले न पाहिलेसे करी, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, कोणीतरी ती रचली यातच सर्व आले.

या रुबाबाची किंमत चार्ल्स रॅन केनेडी नावाच्या बॅरिस्टरने मोजली. हा विद्वान मनुष्य, ग्रीक वक्ता डेमोस्थेनिसचा भाषांतरकार. स्विन्फेन नावाच्या विधवेची मोठी इस्टेट मृत्युपत्राच्या वादात अडकली होती. केनेडीने तिच्यासाठी झुंज देऊन ती मिळवून दिली. बाईंनी त्याला २०,००० पौंड देण्याचे वचन दिले होते. पुढे त्यांनी ब्रून नावाच्या गृहस्थाशी लग्न केले आणि पैसे द्यायचे नाकारले. केनेडी कोर्टात गेला. ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. पण १८६३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. वकिलीच्या कामासाठी बॅरिस्टर आणि अशील यांच्यात करारच होऊ शकत नाही, जे मिळेल ते मानाचे, त्यावर दावा चालत नाही. ज्या न्यायालयात त्याने दुसऱ्यांच्या हक्कांसाठी आयुष्य घालवले तिथे त्याला स्वतःचा हक्क नव्हता. इंग्लंडमधला हा नियम कायद्याने दूर व्हायला १९९० साल उजाडले.

बॅरिस्टरांचे तरी बरे. मुंबई हायकोर्टात त्यांची फी मोहरांत मोजली जाई, एक मोहर म्हणजे १५ रुपये. नाणे चलनातून गेले तरी हिशेब मोहरांचा. मान जड होता आणि खिसाही. शब्दाची खरी फजिती झाली ती तो खाली उतरत उतरत खिसा रिकामा असलेल्यांपर्यंत पोचला तेव्हा.

मराठीत त्याला आपण 'मानधन' हा प्रतिशब्द घेतला. आमच्या शेजारच्या शाळेतील संस्कृतच्या बाईंना आम्ही याविषयी विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, संस्कृतात 'मानधन' म्हणजे पैसा नव्हे, माणूस. मान हेच ज्याचे धन तो मानधन. भारवीच्या 'किरातार्जुनीया'त हा शब्द योद्ध्यांसाठी आला आहे. मराठीत मात्र तो मानाखातर दिलेले पैसे असा झाला. पण शिक्षण सेवकाच्या बाबतीत जुना अर्थच खरा, असे त्याच पुढे म्हणाल्या. आमचे 'पगार' मात्र पोर्तुगीजांनी दिले. त्यांच्या भाषेत 'पागार' म्हणजे चुकते करणे. त्यात मान नाही, अपमानही नाही. काम झाले, चुकते करा.

महाराष्ट्रात शिक्षण सेवक योजना २००० साली आली. नेमणुकीनंतर तीन वर्षे शिक्षकाला वेतनश्रेणी नाही, ठरावीक मानधन. काम पूर्ण शिक्षकाचे, तास तितकेच, पेपर तपासणी तितकीच. प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० हे आकडे वर्षानुवर्षे तसेच राहिले. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झाले. आम्ही तोवर त्यातून बाहेर पडलो होतो. त्या तीन वर्षांतली आठवण म्हणजे बँकेत कर्जाचा अर्ज भरताना 'मासिक वेतन' या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न. आम्ही मानधन लिहिले. काउंटरवरच्या माणसाने ते खोडले आणि अर्ज परत केला.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. बायका आपल्या वस्तीतल्या मुलांसाठी थोडा वेळ देतील, हे समाजकार्य आहे, म्हणून त्यांना नोकर न मानता मानसेवी मानायचे आणि ऑनरेरियम द्यायचे, अशी कल्पना होती. पुढे काम वाढले, रजिस्टरे वाढली, मोबाइलवरची माहिती वाढली. शब्द तोच राहिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले की अंगणवाडी कार्यकर्तीचे पद हे सरकारी सेवेतील पद नव्हे.

मग एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयापुढे गुजरातमधील अंगणवाडी कार्यकर्ती आणि मदतनिसांचे प्रकरण आले. प्रश्न ग्रॅच्युइटीचा होता. राज्याचे म्हणणे, या बायकांना वेतन नाही, ऑनरेरियम आहे, मग १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा यांना लागू कसा होईल? न्यायालयाने ते मान्य केले नाही. त्या कायद्यातील वेतनाची व्याख्या व्यापक आहे, कामावर असताना माणूस जे कमावतो ते वेतन, आणि या बायकांना ऑनरेरियम म्हणून जे दिले जाते तेही वेतनच, असा निकाल दिला. नोकरी संपल्यावर त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. रोमच्या तिजोरीतून निघालेला शब्द असा एका दिवाणी अपिलात अडला.

सुटी संपायच्या आत आम्ही आपांच्या घरी गेलो. प्लिनी, क्लॉडियस, केनेडी असे सगळे सांगू लागलो. त्या कांदा चिरत ऐकत होत्या. सॅमियसच्या तलवारीपाशी "इन्ना लिल्लाह" म्हणाल्या. २०२२ च्या निकालापाशी मात्र सुरी खाली ठेवली.

"म्हणजे कोर्टाने याला पगार म्हटलं?"

"त्या कायद्यापुरतं, हो. आणि तो कायदा सगळ्या देशाचा होता. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, जेवढी वर्षं तेवढ्यांदा."

"अठरा वर्षांचे किती?"

"दोनशे सत्तर दिवस."

त्यांनी तोच पेन्सिलने रेघ मारलेला कागद आणला, उलटा केला आणि आमच्यापुढे सरकवला. "निकालाची तारीख, कायद्याचं वर्ष आणि हा हिशेब, सगळं इथं लिही. मराठीत लिही. सोमवारी आमची मीटिंग आहे, बाकीच्या बायकांनाही वाचता यायला हवं."